मालवेअर, संगणक आणि आपली जबाबदारी: गोव्यातल्या घरगुती वापरकर्त्यांचे नेहमीचे प्रश्न

संगणक दुरुस्तीच्या दुकानात, वाचनालयातल्या शिकवणीत आणि चवथीला जमलेल्या नातेवाइकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. घरात एखादा लॅपटॉप आणि दोन-तीन मोबाइल असलेल्यांसाठी ही उत्तरे आहेत. बँकेचे किंवा कारखान्याचे नेटवर्क सांभाळणाऱ्यांना ती अपुरी पडतील. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: घरगुती संगणकात शिरणारे बरेचसे मालवेअर आज आपल्याच बोटाने आत येते. म्हणून खालची निम्मी उत्तरे त्या एका टिचकीभोवतीच फिरतात.

व्हायरस, ट्रोजन, रॅन्समवेअर हे सगळे वेगवेगळे असते का?

असते, पण घरी बसून तो फरक करत बसायची गरज नाही. त्रास देण्यासाठी किंवा चोरीसाठी लिहिलेले कोणतेही सॉफ्टवेअर म्हणजे मालवेअर. स्वतःच्या प्रती काढत पसरतो तो व्हायरस, कामाच्या वस्तूचे सोंग घेऊन येतो तो ट्रोजन, आणि फायली उघडता येणार नाहीत अशा करून खंडणी मागते ते रॅन्समवेअर.

माझ्या संगणकात चोरण्यासारखे आहेच काय? चार फोटो आणि मुलीचे प्रोजेक्ट.

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याला त्याचे उत्तर ठाऊक आहे असे वाटत असते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असतात. मेलचे खाते उघडेच असते, आणि त्या मेलवरून बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. आधार-पॅनचे स्कॅन डाउनलोड्समध्ये पडलेले असतात. 'लुम्मा' नावाचे मालवेअर हेच सगळे उचलण्यासाठी बनवलेले होते. मायक्रोसॉफ्टने मे 2025 मध्ये तपास यंत्रणांच्या मदतीने त्याचे जाळे मोडले, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत जगभरातले 3 लाख 94 हजारांहून अधिक विंडोज संगणक त्याने बाधित झाल्याचे कंपनीने सांगितले. त्यातल्या बहुतेकांनाही वाटत असणार की आपल्याकडे चोरण्यासारखे काही नाही.

आणि समजा खरोखरच काही नाही, तरी तुमचा संगणक आणि तुमचे इंटरनेट आहे ना? ते दुसऱ्यावर हल्ला करायला कामाला येते. 2016 मध्ये 'मिराय' नावाच्या मालवेअरने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. ऑक्टोबरमध्ये त्याच फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या, अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर इतका भार टाकला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसे परसातली करवंटी उलटी करून जातात तेव्हा आपण कुरकुरतो, पण त्या पाण्यातला डास चावतो शेजाऱ्याला. बाधित संगणकाचेही तसेच आहे.

पण सगळी जबाबदारी आमच्याच डोक्यावर का? कंपनी, बँक, सरकार काय करतात?

सगळी तुमची नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, ते बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या मालवेअरमुळे. खातेदारांनी कोणतीही लिंक दाबली नव्हती. आपल्याकडे जून 2022 मध्ये जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेवर रॅन्समवेअर आले, नद्यांवरच्या 15 ठिकाणांची माहिती देणाऱ्या फायली अडकल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. ऐन पावसाळ्यात. अँटिव्हायरस नसणे आणि जुनाट फायरवॉल, म्हणजे बाहेरची घुसखोरी अडवणारा पहारा, ही कारणे तेव्हा पुढे आली. तिथे सामान्य माणसाने काय करायचे होते? काहीच नाही.

आता दुसरी बाजू. मे 2017 च्या 'वॉनाक्राय'ने सुमारे दीडशे देशांत संगणक बंद पाडले. ज्या फटीतून ते शिरले, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला, म्हणजे हल्ल्याच्या जवळजवळ दोन महिने आधी दिले होते. कंपनीने आपला वाटा उचलला होता. 'नंतर आठवण करा' हे बटण मात्र कोणीतरी दाबत राहिले. माझ्या मते वाटणी अशी: फट बुजवणे कंपनीचे, ती बुजवलेली आवृत्ती घेणे आपले. संशयास्पद व्यवहार रोखणे बँकेचे, ओटीपी हातातून न जाऊ देणे आपले.

अँटिव्हायरस विकत घ्यावाच लागतो का?

घरगुती वापराला नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीच असतो, फुकट असतो आणि पुरेसा चांगला आहे. विकतचा घेतलात तर हरकत नाही, पण एका वेळी दोन ठेवू नका. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि संगणक रांगायला लागतो. मुदत संपलेला विकतचा अँटिव्हायरस हा सगळ्यांत वाईट पर्याय. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने टाकून दिलेला, कोपऱ्यात लाल खूण घेऊन बसलेला तो प्रोग्रॅम काढून टाका आणि डिफेंडर चालू झाला की नाही ते बघा.

अपडेट सारखे येतात, नेट संपते, संगणक तासभर अडकतो. बंद ठेवले तर?

बंद ठेवू नका, वेळ बदला. रात्री जेवणानंतर लॅपटॉप चार्जरला लावून अपडेट सुरू करा. पावसाळ्यात वीज जाते म्हणून बॅटरी भरलेली असू द्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय मोठे अपडेट सुरू करू नका. विजा चमकत असतील तर त्या दिवशी राहू द्या.

विंडोज 10 वाल्यांसाठी वेगळी सूचना. त्याचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली, पण तिच्यासाठी सेटिंग्जमध्ये जाऊन नाव नोंदवावे लागते. संगणक विंडोज 11 पेलत नसेल तर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली टाकून तो आणखी काही वर्षे सुरक्षित वापरता येतो. विद्यार्थ्यांसाठीच्या सायबरएज योजनेतून मिळालेले जुने लॅपटॉप अजून काही घरांत आहेत. ते विंडोज 7 वर चालत असतील तर त्यांच्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. त्या विंडोजचा आधार जानेवारी 2020 मध्येच संपला.

व्हॉट्सॲपवर ओळखीच्या माणसाकडून लग्नपत्रिका आली. उघडायला काय हरकत आहे?

फायलीच्या नावाच्या शेवटी काय आहे ते आधी बघा. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ते अँड्रॉइडवर बसवायचे ॲप आहे. लग्नपत्रिका, वाहतूक पोलिसांचे ई-चलन, पीएम किसानचा हप्ता, बँकेचे केवायसी अशी सोंगे घेऊन हीच चीज फिरते आहे. बसवताना ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिलीत की बँकेचा ओटीपी थेट चोराकडे जातो. 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागत असेल तर ते आणखी वाईट, कारण मग ते तुमच्या स्क्रीनवर काय आहे हे वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते.

ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून ती सुरक्षित, हा समज इथे उलटा पडतो. त्या माणसाचा फोन बाधित झाला की ॲप त्याच्या व्हॉट्सॲपवरून यादीतल्या सगळ्यांना तीच फाइल पाठवते. भजनी मंडळाच्या ग्रुपवर एकाने उघडली की ती जत्रेच्या समितीच्या ग्रुपवर पोचलीच म्हणून समजा. म्हणून पाठवणाऱ्याला साधा फोन करा: "बाबा, तू काही पाठवलेस का?" गावात एवढे विचारायला कोणी लाजत नाही, मग फोनवर का लाजावे?

खरे चलन बघायचे असेल तर परिवहनच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून बघता येते. गृहआधार, लाडली लक्ष्मी किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठीही व्हॉट्सॲपवर आलेली एपीके कधीच लागत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अनोळखी ॲप्स बसवणे' अशी जागा असते. तिथे व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर या तिघांनाही नकार देऊन ठेवा. हे एक काम आईबाबांच्या फोनवर आजच करा.

'बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडणार' असा फोन आला आणि एक ॲप घ्यायला सांगितले.

फोन ठेवून द्या. गोव्यात वीज सरकारी खात्याकडून येते. वीज खात्याचे उपविभागीय कार्यालय तुमच्या तालुक्यात आहे, शंका असेल तर तिथे जाऊन किंवा खात्याच्या संकेतस्थळावर बिल बघा. फोनवरचा माणूस जे ॲप घ्यायला सांगतो ते बऱ्याचदा एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर असते. ही ॲप्स स्वतः खोटी नाहीत, दुरून दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ ती रोज वापरतात. म्हणूनच अँटिव्हायरस त्यांना अडवत नाही. तुम्ही नऊ-दहा आकडी क्रमांक वाचून दाखवला आणि परवानगी दिली की समोरच्याला तुमची स्क्रीन दिसते. पुढे तो सांगतो, 'फक्त दहा रुपये भरा'. दहा रुपये भरताना तुमचा पिन त्याला दिसलेला असतो.

आमच्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. बुकिंगच्या नावाने येणारे मेल ओळखायचे कसे?

मोरजीपासून पाळोळ्यापर्यंत असे घरगुती व्यवसाय शेकड्याने आहेत, म्हणून याचे उत्तर जरा लांब देतो. डिसेंबर 2024 पासून बुकिंग डॉट कॉमचे सोंग घेऊन हॉटेलवाल्यांना आणि होमस्टेवाल्यांना मेल पाठवण्याची एक मोहीम सुरू झाली. मायक्रोसॉफ्टने मार्च 2025 मध्ये तिचा तपशील दिला. लक्ष्य केलेल्या भागांत दक्षिण आशियाही होता. मेलमध्ये पाहुण्याची तक्रार, वाईट अभिप्राय किंवा खाते पडताळणीची मागणी असते. लिंक दाबली की 'मी रोबोट नाही' असे पान येते. इथवर सगळे नेहमीसारखे वाटते.

पुढचे पाऊल मात्र विचित्र आहे, आणि तिथेच थांबायचे. ते पान सांगते: विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तुम्ही पान उघडलेत तेव्हाच त्याने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. हे तीन ठोके म्हणजे ती आज्ञा तुमच्याच हाताने संगणकाला देणे. मग संगणक बाहेरून मालवेअर आणतो, आणि कुठलीही संशयास्पद फाइल तुम्ही उघडलेली नसल्याने मनात शंकाही येत नाही. या युक्तीला 'क्लिकफिक्स' म्हणतात आणि ती आता इतर सोंगांतही वापरली जाते. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: कोणतेही खरे संकेतस्थळ माणूस असल्याची खात्री करण्यासाठी विंडोज आणि आर दाबायला सांगत नाही.

पाहुण्यांची तक्रार खरी आहे का हे बघायला मेलमधली लिंक दाबू नका. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून आपल्या खात्यात जा. तक्रार खरी असेल तर तिथे दिसेलच. हंगामात, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एकाच वेळी चार पाहुणे आणि गॅस सिलिंडरवाला दारात असतो तेव्हा हे पाळणे कठीण जाते. चोरालाही तेच हवे असते.

सगळेच क्रॅक केलेले, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून चालवलेले, सॉफ्टवेअर वापरतात. दुकानदारच घालून देतो.

देतो, आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी 'अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते, हे कधी लक्षात आले आहे का? ओळखपाळख नसलेल्या माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम, पहारा उठवून, पूर्ण अधिकारांनिशी चालवायचा. पासवर्ड चोरणारी मालवेअर पसरायचा हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. काही क्रॅक स्वच्छ असतीलही, पण कोणता ते ओळखायचे साधन तुमच्याकडे नाही.

जत्रेची पत्रके, नाटकाच्या जाहिराती, पंचायतीची निवेदने असे मराठीतले काम करणाऱ्यांनी एकदा फुकट पर्याय बघावेत: लिखाणाला लिबरऑफिस, फोटोला गिंप, रेखाटनाला इंकस्केप, मांडणीला स्क्रायबस. मुक्ता, टिरो देवनागरी मराठी असे सुबक युनिकोड फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर उघडपणे आणि फुकट मिळतात. जुन्या फॉन्टांची सवय झालेल्यांना सुरुवातीला जड जाते हे मान्य.

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले.

फायली बहुधा जागेवरच आहेत, फक्त लपवल्या आहेत. शॉर्टकटवर टिचकी मारू नका, कारण त्यानेच मालवेअर चालू होते. आधी डिफेंडरने पेनड्राइव्ह तपासा, मग लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू करून आपल्या फायली बाहेर काढा आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. पेनड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप चालण्याची सोय मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये जुन्या विंडोजमध्येही अपडेटने बंद केली, तेव्हापासून ही टिचकी तुम्हीच मारावी लागते. छपाईला शक्यतो फाइल मेलने पाठवा. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात दिवसभर शेकडो पेनड्राइव्ह एकाच संगणकाला लागतात. दुकानदाराने कितीही काळजी घेतली तरी तो तरी किती पुरा पडणार?

'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, या क्रमांकावर फोन करा' असे पान येते.

खोटे आहे. ब्राउझर बंद करा. बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून, म्हणजे चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीतून, बंद करा. फोन करू नका.

मुलगा गेमसाठी मॉड आणि चीट, म्हणजे गेम बदलणारे आणि लबाडीने जिंकून देणारे प्रोग्रॅम, उतरवतो. त्याला पूर्ण बंदी करावी का?

बंदी टिकत नाही. विंडोजमध्ये त्याच्यासाठी वेगळे, साधे खाते काढा. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. काही बसवायचे तर त्याला तुम्हाला हाक मारावी लागेल, आणि त्या निमित्ताने काय उतरवले आहे हे दोघे मिळून बघाल. बँकेचे व्यवहार त्याच्या खात्यातून कधी करू नका. त्याच वेळी फाइल एक्सप्लोररमध्ये फायलींची पूर्ण नावे दिसतील असा पर्याय चालू करा, म्हणजे 'गाणे डॉट एमपी3 डॉट ईएक्सई' हे नुसते गाणे म्हणून खपणार नाही; शेवटी 'ईएक्सई' असेल तर तो प्रोग्रॅम असतो.

घरातल्या कॅमेऱ्याचे आणि राउटरचे काय?

डब्यातून आलेला पासवर्ड बदला. मिरायचे सगळे सामर्थ्य साठ-बासष्ट कारखानी पासवर्डांच्या यादीत होते. कॅमेरे बसवणारा माणूस सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवून जातो असा प्रकारही असतो. त्याच्यासमोरच बदलून घ्या.

मॅकला व्हायरस लागत नाही ना?

लागतो. विंडोजपेक्षा कमी. ज्या फसवणुकीत तुम्हीच परवानगी देता, तिथे यंत्र कोणते हे गौण ठरते.

बॅकअप कसा ठेवावा?

बाहेरच्या हार्ड डिस्कवर आठवड्याला किंवा महिन्याला प्रत काढा आणि काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअर संगणकासोबतच अडकवते. महत्त्वाच्या कागदांची आणखी एक प्रत क्लाउडवर असू द्या. खंडणी भरू नका. पैसे दिले म्हणून फायली सुटतीलच याची हमी कोणी देत नाही. युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांसह 2016 मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही प्रकारच्या रॅन्समवेअरने अडकवलेल्या फायली उघडायच्या किल्ल्या फुकट मिळतात, आधी तिथे बघा.

मालवेअर शिरलेच तर पहिल्यांदा काय करायचे?

नेट तोडा: वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बँकेला कळवून खाते आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. हा राष्ट्रीय क्रमांक आहे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतानाच ती गोठवता येते, म्हणून इथे सकाळपर्यंत थांबणे महागात पडते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, आणि गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे स्थानक रायबंदरला आहे. संदेश, व्यवहार क्रमांक, आलेली फाइल कोणत्या नंबरवरून आली याचे स्क्रीनशॉट पुसून टाकू नका.

त्यानंतर त्या स्वच्छ यंत्रावरूनच मेलचा पासवर्ड बदला आणि 'सर्व उपकरणांतून बाहेर पडा' हा पर्याय वापरा. बाधित यंत्रावरून पासवर्ड बदलणे म्हणजे नवा पासवर्डही चोराला सांगणे. फोन असेल तर त्यातले फोटो आणि वर सांगितलेले पुरावे दुसरीकडे उतरवून घ्या, मगच फॅक्टरी रीसेट करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधने फुकट आहेत.

गेलेले पैसे बँक परत देते का?

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तरीही नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लावलेत तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमच्यावर येतो. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल, तर कळवण्याआधीचे नुकसान तुमचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. नागरी सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. म्हणजे चूक तुमची असली तरी लवकर कळवण्यात तुमचाच फायदा आहे. बँकेकडून तक्रारीची पोच लेखी घ्या. तिच्यावर तारीख आणि वेळ असू द्या.

माझ्या फोनवरून ती फाइल सगळ्यांना गेली. मी गुन्हेगार ठरेन का?

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घालणे येते आणि कलम 66 मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण ही शिक्षा अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलेल्या कृत्याला आहे. तुमच्या नकळत फाइल गेली असेल तर तुम्ही स्वतः तक्रार केल्याची नोंद तुमच्या बाजूने उभी राहते.

गप्प बसण्याने मात्र प्रत्येक तासाला आणखी कोणीतरी ती फाइल उघडते. लाज वाटते हे खरे, विशेषतः सासरच्या ग्रुपवर. तरी दुसऱ्या फोनवरून प्रत्येक ग्रुपवर एवढे टाका: "माझा फोन बाधित झाला आहे. माझ्या नंबरवरून आलेली एपीके फाइल उघडू नका, पुसून टाका. उघडली असेल तर नेट बंद करून बँकेला कळवा; पैसे गेले असतील तर 1930 ला फोन करा. माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका." आणि ज्या वयस्कर माणसांना वाचायला वेळ लागतो, त्यांना फोन करून सांगा.